एक वीत

डाव्या हासळीखाली काडेपेटीएवढा उंचवटा.
रुकय्याला अजून दाखवलेला नाही,
व्हिडिओ कॉलवर वरचं बटण लावून बसतो.

सोहारच्या इस्पितळातली बीनामोल,
तिचं हिंदी मल्याळममधून घरंगळत येतं.
म्हणाली, फोन इथं नाही,
आणि माझ्या खिशाकडं बोट केलं.
बावीस वर्षं तो खिसा फोनचाच.
प्रत्येक शर्टावर त्याचा चौकोन उमटलाय,
इस्त्रीलाही न जुमानणारा.
मग तिनं पंजा पसरला,
अंगठ्यापासून करंगळीपर्यंत: इतका दूर.
मी माझा पंजा शेजारी धरला.
तुमचा मोठा आहे, ती म्हणाली, तुमचाच धरा.

वीतभर पोटासाठी दर्या ओलांडला होता,
आता वीतभर अंतर छातीसाठी.
दोन विती. एवढाच माझा सातबारा.

चार आठवडे कंपनीनं कॅम्पात बसवून ठेवलं,
कागद इकडून तिकडं फिरले,
मग बसची किल्ली परत मिळाली.
पहाटे साडेचारला बत्तीस माणसं, सगळी पेंगुळलेली.
फोन डॅशबोर्डच्या खणात, फडक्यात गुंडाळून.
मागून टेकबहादूर विचारतो,
उस्ताद, घर से फोन आया तो?
मी म्हणतो, घर कुठं पळून जातंय.

म्हणायला सोपं.

गुरुवारी फलजच्या पुढं खण वाजू लागला.
थांबला. परत वाजला.
तिकडं सव्वासहा. एवढ्या सकाळी कोण, कशाला?
हात स्टिअरिंगवरून निघाला.
हो, निघाला, खोटं कशाला बोलू.
दोन बोटं खणाच्या कडीपर्यंत पोचली.
आरशात बत्तीस डोकी
गतिरोधकावर एकदम हलली,
हो म्हणतायत की नाही, कळेना.
बोटं मागं घेतली.

मागच्या रमजानात, शिनासच्या रस्त्यावर,
गुलनवाजची पिकअप.
स्क्रीनवर अर्धं वाक्य: बस पहुँच
पोलिसांनी फोन परत दिला
तेव्हा त्यात चार्जिंग बाकी होतं.

थांबायची जागा अकरा किलोमीटरवर.
तेवढ्या वाटेत अम्मी दोनदा गेली,
मेहताबला सातव्यातच कळा आल्या,
माडावरून कुणी पडलं, पडवीला आग लागली.
आतलं यंत्र मंद पडलेल्याला ढकलतं,
पळणाऱ्याला आवरत नाही.
ते काम अजून माझ्याकडंच.
मी खजुरीची झाडं मोजत राहिलो,
ट्रेलर गेला, कोळशाचा ट्रक गेला,
वेग ऐंशीच्या वर जाऊ दिला नाही.

पेट्रोल पंपाच्या बऱ्याच अलीकडं
मोकळ्या रेतीत बस घेतली.
हँडब्रेक. दोन्ही बाजूंचे दिवे.
फोन उजव्या कानाला, हा बीनामोलचा दुसरा नियम.

"ऐकलंत? नळाला पाणी आलंय.
मोटारीचा पान्हा कुठं ठेवून गेलात सुट्टीत?"

कोनाड्यात. पिठाच्या डब्यामागं.

इतकी वर्षं डाव्या कानानं ऐकत आलो तिला,
खिडकीकडचा कान,
वाऱ्यानं आणि भोंग्यांनी भरड झालेला.
उजव्यात तिचा आवाज वेगळाच निघाला,
वाक्य संपताना जरासा घोगरा.
हे आधीपासून आहे का गं?
"काय?"
काही नाही. पाणी जाईल, आधी मोटार लाव.

फोन पुन्हा फडक्यात.
पट्टा डाव्या खांद्यावरून येतो,
नेमका उंचवट्यावर घासतो.
तिथं हातरुमालाची घडी सारली.
सुट्टीत सांगेन तिला. की आजच रात्री,
बटण काढून? बघू.

टेकबहादूर डोळे चोळत उठलेला.
उस्ताद, सब ठीक?

पानी आया है, मी म्हटलं,
आणि आरसा नीट केला.